एकोणचाळिसावा प्रवासी

१

फ्रीमाँटच्या देवळामागच्या पार्किंगमध्ये सकाळी सात वाजता बस येऊन उभी होती, आणि संजीव तिच्यापासून वीस पावलांवर आपली गाडी लावून उगीच काच पुसत बसला होता. उतरायला त्याचं मन घेत नव्हतं. शेजारी त्याचे वडील, अण्णा, पट्टा सोडून, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन तयार होते. त्यांना कॅलिफोर्नियात येऊन पाच महिने झाले होते, परतीचं विमान पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि एवढ्या काळात संजीवनं त्यांना चार मराठी माणसांत एकदाही नेलं नव्हतं. शेवटी त्याच्या बायकोनं, रेणूनं, इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला बापलेकांची नावं परस्पर नोंदवून टाकली. स्वतः ती मुलीला घेऊन घरी राहिली.

अण्णा कऱ्हाड डेपोत एकतीस वर्षं एस.टी.चे कंडक्टर होते. त्यात वाईट काय? काहीच नाही. संजीवला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता. पण आठ वर्षांपूर्वी, नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, कंपनीतल्या त्र्यंबक पाठकनं जेवताना सहज विचारलं, ‘वडील काय करतात?’ आणि संजीवच्या तोंडून निघून गेलं, ‘एस.टी.त मोठे अधिकारी होते. डिव्हिजनल ट्रॅफिक ऑफिसर.’ खोटं एकदा घरात घेतलं की त्याला खायला-प्यायला घालावं लागतं. त्या अधिकाऱ्याला पुढे जीप मिळाली, सरकारी बंगला मिळाला, इंग्रजी पेपर वाचायची सवय लागली, ताठ बोलणं आलं, राखाडी कोट आला. आठ वर्षांत संजीवनं त्याला चांगला पोसला होता. आणि त्र्यंबक आता कंपनीत डायरेक्टर होता, मंडळाचा सेक्रेटरी होता, आणि आपल्या आईला घेऊन याच बसमध्ये चढत होता.

“अण्णा,” संजीव समोर बघत म्हणाला, “कुणी विचारलंच तर ऑफिसात होतो म्हणा.”

अण्णांनी जरा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा केला. “जायचोच की ऑफिसात. रोज संध्याकाळी, तिकिटांची पेटी जमा करायला.”

“तेवढंच म्हणा. पेटीचं नको.”

“बरं,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच संजीवला जास्त लागलं.

बसमध्ये उजवीकडची पाचवी ओळ त्यांना मिळाली. अण्णा खिडकीशी बसले. सहलीचं सगळं बघणाऱ्या शुभाताई माइक घेऊन उभ्या राहिल्या. “आपापलं माणूस बघा हं. घराप्रमाणे सांगा.” मग एकेक घर बोलू लागलं, पाठक दोन, कर्णिक चार, कुणी तीन. कागदावर बेरीज झाली, अडतीस.

अण्णांनी तेवढ्यात मान वळवून एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे नजर फिरवली. ओठ हलले. “अडतीस,” ते समाधानानं म्हणाले. “ड्रायव्हर धरायचा नसतो. कंडक्टर तर त्याहून नाही. पण आज मी पॅसेंजर, म्हणून मला धरला.”

जित्याची खोड, दुसरं काय. संजीवनं मागेपुढे पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं.

२

मॉन्टेरेला धक्क्यावर तासभर सगळे हिंडले. समुद्रसिंह भुंकत होते, म्हातारी मंडळी एकमेकांचे फोटो काढत होती, आणि अण्णा कठड्याला धरून शांतपणे पाणी बघत होते. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. दहाच्या सुमाराला सगळे परत चढले, घराघरानं आकडे दिले, शुभाताईंची बेरीज जुळली. ड्रायव्हर रॉय, एक जाडजूड, अबोल गोरा माणूस, त्यानं दार लावलं आणि बस निघाली.

“संजू,” अण्णा हळूच म्हणाले, “एक वाढलाय.”

“काय वाढलंय?”

“माणूस. एकोणचाळीस भरतायत.”

संजीवनं कपाळाला हात लावला. “अण्णा, आत्ताच मोजलं ना त्यांनी? कुणाचं मांडीवरचं पोर धरलं असेल तुम्ही.”

“पोर नाहीच कुणाचं गाडीत. आणि ताईंचं चुकलेलं नाही. त्या घरं मोजतात. जो कुणाच्या घरातला नाही, तो घरं मोजून कसा सापडायचा? मी डोकी मोजली.”

 कुणीतरी धक्क्यावरून चुकून दुसऱ्याच बसमध्ये चढला असेल, असं संजीवच्या मनात आलं. पण बसमध्ये सगळे मराठी, त्यात परका माणूस लपून राहणार कसा? आणि राहिलाच तर शेजारचा बोलणार नाही का?

“कुठे बसलाय?”

“शेवटच्या बाकावर. खिडकीकडे तोंड करून.”

संजीवनं मान उंच करून मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर पाण्याच्या बाटल्यांची खोकी होती, फराळाचे डबे होते, आणि खिडकीच्या कोपऱ्यात कुणाचा तरी राखाडी कोट होता. खांदा दिसत होता कोटाचा, चांगला इस्त्री केलेला. टांगला असेल कुणी, असं त्यानं ठरवून टाकलं. मागच्या ओळीतल्या कर्णिककाकांनी त्याच्याकडे पाहून हात केला, तसा तो घाईनं पुढे वळला.

“कोट आहे तो, अण्णा.”

“कोट आहेच,” अण्णा म्हणाले. “आत माणूस आहे.”

३

कार्मेल मागे पडलं आणि रस्ता समुद्राला येऊन भिडला. डावीकडे डोंगर, उजवीकडे सरळ खाली उतरलेला कडा, आणि त्याच्या तळाशी निळंहिरवं पाणी पांढरं होऊन फुटत होतं. शुभाताई कागदावरून वाचून दाखवत होत्या की इथली हवा थेट भूमध्य समुद्राच्या काठासारखी, म्हणून ऑलिव्ह इथे असा वाढतो आणि द्राक्षं तशी. उजवीकडची मंडळी खिडक्यांना चिकटली, डावीकडची त्यांच्या अंगावरून वाकली. अख्ख्या बसमध्ये एकटे अण्णा समुद्राकडे बघत नव्हते.

“बिनतिकिटाचा माणूस गाडीत सापडला,” ते म्हणाले, “तर त्याचं काही जात नाही. कंडक्टरची चौकशी लागते. तुझ्या लक्षात कसा आला नाही म्हणून. एकतीस वर्षांत माझ्या गाडीत एकदाही असं झालं नाही.”

“ही तुमची गाडी नाही,” संजीव दातांत म्हणाला.

अण्णांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते त्याचे गुडघे ओलांडून वाटेत उभे राहिले आणि निघाले मागे. वळणावळणाच्या रस्त्यावर तरणी माणसं धरधरून चालत होती. अडुसष्ट वर्षांचे अण्णा दोन्ही पाय फाकवून, कुणालाही धक्का न लावता असे गेले, जसे कऱ्हाड-पाटण गाडीत जात असतील. जाताना प्रत्येक सीटच्या दांडीवर बोटातल्या अंगठीनं टक टक वाजवत गेले. बोलणी थांबली. सगळे बघू लागले.

शेवटच्या बाकापाशी ते थांबले, थोडे वाकले आणि शांतपणे म्हणाले, “तिकीट?”

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग कुठूनतरी एक हसू फुटलं आणि बसभर पसरलं. दुसऱ्या ओळीतून त्र्यंबक वळून म्हणाला, “काय रे संजीव, काका चेकिंगला निघाले की काय? साहेबांची जुनी सवय दिसतेय.” हसणं वाईट नव्हतं, प्रेमाचंच होतं. पण खाई त्याला खवखवे. संजीवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, तोल सावरत मागे गेला आणि वडिलांचं मनगट धरलं.

“अण्णा, चला. बसा जागेवर.”

“हा बोलत नाहीये संजू. बघतही नाहीये इकडे.”

“चला म्हणतो ना.” आणि मग आवाज अगदी खाली आणून, “लाज आणू नका मला.”

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मनगट सोडवून घेतलं आणि पुढे निघाले. संजीव मागे क्षणभर थांबला. खोकी होती. डबे होते. खिडकीकडचा कोट होता, आणि कोटाच्या कॉलरवर, काचेकडे वळलेली, नुकत्याच कापलेल्या पांढऱ्या केसांची मान होती. काचेत त्या चेहऱ्याचं प्रतिबिंब पडायला हवं होतं. काचेत नुसता समुद्र होता.

त्यानं दुसऱ्यांदा पाहिलं नाही. कर्णिककाकांचे कुणी पाहुणे असतील, असं त्याचं डोकं तत्परतेनं म्हणालं. ऊन काचेवर असलं की प्रतिबिंब दिसत नाही, असंही म्हणालं. शिकलेलं डोकं होतं, कारणांना तोटा नव्हता.

४

समुद्राच्या वरच्या एका मोकळ्या मैदानावर जेवणं झाली. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. अण्णा सतरंजीच्या कडेला बसून जेवत होते आणि दर घासाला उभ्या बसकडे बघत होते. ‘घरं नको, डोकी मोजा, एक जास्त भरतोय,’ असं त्यांनी वाढायला आलेल्या शुभाताईंना सांगून पाहिलं, आणि त्या हसून पुढे गेल्या. बसमध्ये कुणी नव्हतं. निदान असायला नको होतं.

त्र्यंबकची आई, वीणाकाकू, अण्णांशेजारी येऊन बसल्या. “त्र्यंबक फार सांगतो हो तुमच्याबद्दल. जीप होती म्हणे तुम्हाला. आणि बंगला कुठे होता, साताऱ्यात?”

संजीवच्या हातातला घास हातात राहिला.

अण्णांनी पाण्याचा घोट घेतला. “ऑफिसात होतो,” ते खाली बघून म्हणाले. मग थोडं थांबून, पाठ केलेलं म्हणावं तसं, “ऑफिसात होतो मी.” तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वीणाकाकूंनी चेहरा समजूतदार केला आणि विषय श्रीखंडावर नेला. म्हातारपणी होतं असं, अशी नजर त्यांनी संजीवला दिली.

वीस वर्षांपूर्वीची एक दुपार त्या वेळी संजीवला आठवली, नको असताना आठवली. सांगलीच्या कॉलेजातली पोरं, पाच-सहा जण, कऱ्हाडला सिनेमाला म्हणून स्टँडवर गाडीत चढली आणि गाडीत कंडक्टर निघाले अण्णा. खाकी गणवेश, काखेत चामड्याची पिशवी. संजीवनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. अण्णा ओळीनं तिकिटं फाडत आले, त्याच्यापाशी थांबले, आणि म्हणाले, ‘कुठं जाणार तुम्ही?’ तुम्ही म्हणाले. पोटच्या पोराला. तो कऱ्हाड म्हणाला, त्यांनी तिकीट फाडून हातात दिलं, आणि ‘सरका आत’ म्हणत पुढच्या माणसाकडे गेले. त्या गोष्टीबद्दल घरी दोघंही कधी अवाक्षर बोलले नाहीत.

जेवणं आटोपून सगळे बसमध्ये परतले. घराघरानं हाक दिली. अण्णांनी नजर फिरवली आणि त्यांचा हात संजीवच्या मांडीवर येऊन पडला.

“पुढे सरकलाय,” ते म्हणाले. “आता नवव्या ओळीत आहे.”

संजीवनं मागे पाहिलं नाही. मोबाइलचा काळा पडदा त्यानं आरशासारखा तिरका धरला. नवव्या ओळीत कोपऱ्याला राखाडी खांदा होता. त्याच्या शेजारच्या बाईंनी आपली पर्स सीटवरून उचलून मांडीवर घेतली होती, कुणाला जागा करून द्यावी तशी, आणि पलीकडच्या मैत्रिणीशी गप्पा चालूच ठेवल्या होत्या. त्यांना त्यात काही वेगळं वाटलेलं दिसत नव्हतं.

मग त्यानं स्वतः मोजलं. बोटं मुडपून, दोनदा. दोन्ही वेळा एकोणचाळीस.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्याला त्या वेळी कळलं. उठून सांगायला हवं होतं. ‘शुभाताई, अण्णा म्हणतात ते खरं आहे, गाडीत एक माणूस जास्त आहे.’ एवढंच वाक्य होतं. पण ते म्हणायचं तर अण्णांना मोजता कसं येतं, इतकं अचूक कसं येतं, हेही सांगावं लागलं असतं. त्र्यंबक वळून बघत होता. संजीवनं मोबाइल खिशात टाकला.

“तुमची नजर गेलीय अण्णा,” तो म्हणाला. “अडतीसच आहेत.”

 अण्णांनी मांडीवरचा हात काढून घेतला.

५

शेवटचा थांबा म्हणजे कड्यावरची एक मोकळी जागा होती. दहा-बारा गाड्या मावतील एवढं पार्किंग, लाकडी कठडा आणि मागच्या बाजूला, झाडीआड, संडासाची एक खोली. मोबाइलला रेंज कधीच गेली होती. पंधरा मिनिटं, शुभाताईंनी बजावलं.

अण्णा उतरायला तयार नव्हते. तो उतरेल तेव्हाच मी उतरेन, म्हणत होते. पण म्हातारा माणूस, तीन तास आवरून धरलेलं. शेवटी उठलेच. संजीवचं जुनं निळं जॅकेट त्यांनी सकाळपासून घातलं होतं, ते उन्हानं नको झालं म्हणून काढून सीटवर ठेवलं आणि नुसत्या पांढऱ्या शर्टावर निघाले. दाराशी थांबून मागे वळले.

“संजू. मी आल्याशिवाय बेल देऊ नको.”

“हो हो,” संजीव म्हणाला. “जा तुम्ही.”

झाडीआड जाणारी ती पांढरी पाठ त्यानं पाहिली. मग त्र्यंबकनं त्याला कठड्यापाशी ओढलं, आपल्या नव्या प्रोजेक्टबद्दल बोलू लागला, संजीवचं नाव त्यात कसं पुढे करतो आहे ते सांगू लागला. बोलत बोलतच दोघं बसमध्ये चढले. “बस ना इथे, आई मागे गेलीय गप्पांना,” त्र्यंबक म्हणाला, आणि संजीव पुढे दुसऱ्या ओळीत त्याच्या शेजारी बसला. मागे जाऊन पुन्हा त्या मोजणीपाशी बसणं त्याला नको होतं. थोडी मोकळी हवा हवी होती, एवढंच.

“आज जरा काकांच्या पद्धतीनं करू,” शुभाताई हसत म्हणाल्या. माइक ठेवून त्या वाटेनं मागेपर्यंत गेल्या, डोक्याडोक्यावर बोट दाखवत, मोठ्यानं मोजत. परत आल्या. “अडतीस. बरोब्बर. काका, आज सकाळपासून उगीच घाबरवत होतात आम्हाला.”

बस हसली. रॉयनं दार लावलं.

अडतीस. संजीवच्या मनात तो आकडा शांतपणे येऊन बसला आणि मग शांतपणे हलू लागला. एकोणचाळीस होते. अडतीस झाले. कुणीतरी एक कमी झाला होता. तो उपरा उतरला असेल, तर बरंच झालं. आणि तो उतरला नसेल तर?

अण्णांना परत येताना त्यानं पाहिलं नव्हतं.

बस हलली. तो मान वळवून बघू शकला असता, फक्त मान. पण अण्णा जागेवर नसले तर ओरडावं लागणार होतं, बाप मागे राहिला म्हणून, सगळ्यांसमोर, बापाला सोडून डायरेक्टरशेजारी येऊन बसलेल्या पोरानं. आणि असले, तर प्रश्नच नव्हता. पाव मैल गेला असेल. तेवढा वेळ तो समोरच्या काचेकडे बघत, त्र्यंबकला हो-हो करत होता.

६

मग त्यानं वळून पाहिलं. पाचव्या ओळीत खिडकीशी निळं जॅकेट होतं. आत माणूस होता. पांढरे केस, तोंड समुद्राकडे.

आहेत की.  त्यानं त्र्यंबकची रजा घेतली आणि मागे येऊन आपल्या जागेवर टेकला. “अण्णा, कधी आलात? दिसलाच नाहीत मला.”

अण्णा मोजत नव्हते. दांडीवर अंगठी वाजत नव्हती. हात मांडीवर एकावर एक ठेवले होते, आणि जॅकेटच्या बाहीतून राखाडी बाहीचा काठ दोन बोटं बाहेर आला होता.

रस्ता इथे एका खाडीला वळसा घालून जात होता. आधी डोंगराच्या कुशीत शिरला, लहानशा पुलावरून पलीकडे गेला, आणि पुन्हा समुद्राकडे निघाला. उजव्या खिडकीत आता पाण्यापलीकडचा कडा आला, मघाशी थांबलेली जागा आली. लाकडी कठडा आला. रिकाम्या पार्किंगच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता. त्यानं एक हात सरळ वर धरला होता. हलवत नव्हता, नुसता वर धरला होता.

संजीव ते शेजारच्याच्या खांद्यावरून बघत होता. तो खांदा हलला नाही.

तेवढ्यात बस थांबली. पुढे दरड साफ करत होते, एकेरी वाहतूक होती, आणि नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस थांबायची पाटी धरून वाटेत उभा होता. रॉयनं दार उघडून त्याला विचारलं, किती वेळ? दहा मिनिटं, तो म्हणाला. हवा यावी म्हणून रॉयनं दार तसंच उघडं ठेवलं.

पलीकडच्या माणसानं बस थांबलेली पाहिली. हात तसाच वर ठेवून तो चालू लागला. रस्त्याच्या कडेकडेनं, जमेल तितक्या झपाझप. मग डोंगराच्या कुशीत शिरला आणि दिसेनासा झाला. मधे फार तर अर्धा मैल होता. रॉयला दोन शब्द सांगायचे होते, दोन मिनिटं थांब, एवढेच.

संजीव उभा राहिला.

“काय रे?” त्र्यंबक पुढून म्हणाला. कर्णिककाका बघू लागले. वीणाकाकू बघू लागल्या. शुभाताईंनी भुवया उंचावल्या.

“काका,” वीणाकाकूंनी वाटेपलीकडून विचारलं, “मघाशी राहूनच गेलं. साताऱ्यात होता ना तुम्ही?”

आणि खिडकीकडे वळलेला तो माणूस बोलला. “कोल्हापूर डिव्हिजन. आधी सातारा,” तो म्हणाला. आवाज भरदार होता, शब्द स्वच्छ. “डिव्हिजनल ट्रॅफिक ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. जीप सरकारी, बंगलाही सरकारीच. आपलं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. मुलाला शिकवलं, एवढं आपलं.” शेवटच्या वाक्यावर त्यानं नेमका जेवढा विराम घ्यावा तेवढा घेतला. वीणाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्र्यंबकनं मान डोलावली, आणि त्या मानेत संजीवबद्दलचा आदरही होता.

चेहरा अजून काचेकडेच होता. काचेत खाडी होती, पाणी होतं, पाण्यापलीकडचा रिकामा कडा होता.

“पाय अवघडलेत का संजीव?” तो माणूस मायेनं म्हणाला आणि हात दाराकडे केला, हवं तर जा बाहेर, असं म्हटल्यासारखा. वाट मोकळी होती. दार उघडं होतं. दारातून वारा येत होता, आणि वाऱ्याबरोबर मागच्या वळणावरून, अगदी लांबून, कुणीतरी हाक दिल्यासारखं काहीतरी येत होतं. संजू म्हणत होतं की थांबा म्हणत होतं, ते ओळखता येत नव्हतं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला भीती वाटत होती हे खरं, पण भीती ही नंतरची गोष्ट. आधी लाज होती. त्या वळणावरून आता कोणत्याही क्षणी एक म्हातारा धापा टाकत येईल, बसच्या दांडीला धरून चढेल, आणि सगळ्यांसमोर म्हणेल, मी कंडक्टर, कऱ्हाड डेपो. मग दोघं उभे असतील शेजारी शेजारी, आणि लोक विचारतील, यातला तुझा कोणता?

“काही नाही,” संजीव म्हणाला. “पाय अवघडले होते.”

तो खाली बसला. पुढच्या माणसानं पाटी फिरवली. रॉयनं आरशात एकदा मागे पाहिलं, आणि दार लागलं.

दार लागलं त्या क्षणी संजीवला सुटल्यासारखं वाटलं. पुढे अण्णांचा शोध सुरू झाला तेव्हा रेणूनं, पोलिसांनी, सगळ्यांनी त्याला त्या दिवसाबद्दल पुष्कळ विचारलं, आणि त्यानं जमेल तसं सांगितलंही. तेवढं मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही.